आठ सूत

१

शनिवारी सकाळी पावणेसातला कंपनीच्या फाटकावरच्या फळ्यापुढे ही गर्दी. एरवी त्या फळ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, कारण त्यावर वीज कधी जाणार आणि ओव्हरटाइम कुणाला नाही एवढंच असतं. त्या दिवशी मात्र त्यावर इंच इंच उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘भीमराज सोनकांबळे, मिस्त्री. चोरी व हलगर्जी. कामावरून दूर. फाटकाच्या आत घेऊ नये.’

चौकशी व्हायची होती अजून. ती बुधवारी. पण चोर शनिवारीच ठरला होता. खून झाला तरी कोर्ट आधी साक्षी घेतं, मग फाशी देतं. आमच्या चिंचवडच्या कंपनीत उलटं. रागानं माझे कान तापले, आणि त्र्याहत्तर सालची ती गोष्ट आज सांगतानाही तापतात.

झालं होतं ते असं. आमच्या शेटजींच्या वडिलांची एक छोटी विलायती मोटार होती, सन चौतीसची. कंपनीला दहा वर्षं झाली म्हणून त्या मोटारीतून शेटजी फाटकातून आत येणार होते. इंजिन भीमराजनं उघडलं, महिनाभर खपून एकेक भाग धुऊन-पुसून बसवला, आणि बुधवारी संध्याकाळी झाकण लावलं. गुरुवारी विजेच्या पाळीमुळे आमच्याकडे सगळ्यांना सुट्टी. शुक्रवारी सकाळी मोटार मैदानात काढली. दुसऱ्या फेरीला आतून घण मारल्यासारखा आवाज झाला आणि एक कनेक्टिंग रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. शेटजी गाडीतच बसले होते. ते उतरून चालत ऑफिसात गेले.

इंजिन उघडल्यावर कारण सापडलं. रॉडच्या टोप्यांना मिळून आठ बोल्ट असतात. त्यातले सात जुने विलायती, आणि आठवा नवा, मेट्रिक, आमच्या स्टोअरमधला. तोच तुटला होता. आणि स्टोअरच्या तारेला टोचलेली बुधवारच्या तारखेची चिठ्ठीही सापडली: ‘आठ सूत बोल्ट, नग एक. मोटारीसाठी.’ खाली भीमराजची सही. मूळचा बोल्ट त्यानं जुन्या बाजारात विकला आणि जागेवर हा ठोकला, असं भीमराजच्या खात्याच्या मोहोळकर साहेबांनी अहवालात लिहिलं.

मी इन्स्पेक्शन खात्यात मोजमापं घेणारा माणूस. चौकशीत कामगाराच्या बाजूनं बोलायला एक सोबती लागतो, तो मी झालो. काळेवाडीत भीमराजच्या खोलीवर गेलो आणि म्हणालो, “भावा, चिठ्ठी बनावट आहे, सही तुझी नाही, एवढंच बोल. बाकी मी बघतो.”

भीमराज मान खाली घालून बसला होता. म्हणाला, “सही माझीच हाय.”

२

मी डोक्याला हात लावला. भीमराजनं मग सांगितलं की मोहोळकर साहेबांनी कामाच्या सुरुवातीलाच त्याच्याकडून पाच कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या घेतल्या होत्या, काम अडू नये म्हणून. बोल्ट मात्र त्यानं आणला नव्हता. आठही जुनेच लावले होते. आता हे कोण खरं मानणार? दोष शाबीत झाला तर नोकरी जाणार, पोलीस येणार, आणि या सगळ्या पट्ट्यात ‘चोर मिस्त्री’ला दुसरी कंपनी दारात उभं करणार नाही.

“मी सांगू का?” आतून आवाज आला. “जावईबापू खोटं बोलत न्हाईत. बोलता आलं असतं तर माझ्या लेकीचं बरं झालं असतं.”

ही भीमराजची सासू, सोजरबाई. भोसरीच्या एका नट-बोल्टच्या कारखान्यात नऊ वर्षं निवडणीला होती. निवडणी म्हणजे काय, तर पोतंभर मिसळलेले बोल्ट पुढं ओततात आणि बायका ते जातीजातीचे वेगळे करतात. आमच्या खात्यात त्यासाठी काचेच्या कपाटात गेज आहेत. सोजरबाईकडे अंगठ्याचं नख होतं.

मोजायला म्हणून तुटके-फुटके सगळे बोल्ट माझ्याच ताब्यात होते. मी फडकं सोडलं. तिनं एक जुना बोल्ट उचलून आट्यांवरून नख ओढलं, मग तुटलेल्या नव्यावरून ओढलं.

“हा जुना अडीच सुती. आटे बारीक हायती. हा नवा आठ मिलीचा, आटे जाडे. डोळ्यानं बघाल तर सख्खे भाऊ. नखाला इचाराल तर सोयरीक बी न्हाई.”

हे खरं होतं. आमच्या पट्ट्यात जुने मिस्त्री मिलिमीटर बोलत नाहीत, सूत बोलतात. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. अडीच सूत आणि आठ मिलीमध्ये जाडीचा फरक केसाएवढा. म्हणून नवा बोल्ट जुन्या भोकात दोन-तीन आटे गुमान जातो, पुढं अडतो. पान्यानं जोर केला की भोकातले जुने आटे कापत घुसतो.

“आन् लावणाऱ्याला वाटतं, काय घट्ट बसला,” सोजरबाई म्हणाली. “घट्ट बसलेला नसतो. अडकलेला असतो.”

“मावशी, पण हे भीमराजनं केलं नाही हे कसं सिद्ध करायचं?”

तिनं सातही जुन्या बोल्टांची डोकी दिव्यापुढं धरली. प्रत्येकावर बारीकसा डाळिंबी ठिपका होता. तेलात राहूनही गेला नव्हता.

भीमराज ओशाळला. “पुरा आवळला की मी ठिपका देतो. कुठला राहिला ते कळतं. रंग तेलात टिकत न्हाई, म्हणून...”

“म्हणून माझ्या लेकीची नखाची बाटली संपली,” सोजरबाई म्हणाली. “पिंपरीच्या बाजारातनं म्या आणून दिली व्हती. ती मला म्हणती, आई, बाटली गळती हाय.”

आठव्या, तुटलेल्या बोल्टच्या डोक्यावर ठिपका नव्हता. घासल्याचीही खूण नव्हती. ठिपका तिथं कधी लागलाच नव्हता.

“म्हंजी जावईबापूंनी आठ ठिपके दिले आसतील, तर एक ठिपका कमी भरतुया,” ती म्हणाली. “त्यो ठिपका कुठं गेला ते बघा, ज्योतीरामभाऊ.”

३

सोमवारी मी आधी स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरकीपर बबनराव निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस. अशा माणसाच्या तोंडातून शब्द काढण्यापेक्षा गंजलेला नट काढणं सोपं.

“बुधवारी भीमराज बोल्ट घेऊन गेला?”

“चिठ्ठी हाय ना.”

“चिठ्ठी आहे हे मलाही दिसतं. बोल्ट तुम्ही दिलात का?”

बबनरावांनी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि म्हणाले, “राव, मला मोकळं जाऊ द्या. बुधवारी संध्याकाळी म्या तारेच्या चिठ्ठ्या मोजल्या, तवा बावीस होत्या. शुक्रवारी सकाळी तेवीस. बस्स.”

“स्टोअरची किल्ली गुरुवारी कुणाकडे होती?”

“एक माझ्याकडं. एक साहेब लोकांच्या खोलीत, खिळ्याला.” आणि त्यांनी कपाटाकडं तोंड फिरवलं. मला त्यांचा राग आला. दोन वाक्यं शुक्रवारीच बोलले असते तर फळा कोरा राहिला असता. पण चार महिने उरलेल्या माणसावर किती रागवायचं, हाही प्रश्नच होता.

शेटजींचा ड्रायव्हर जयसिंग त्याहून वाईट. गाडीजवळ रोज त्याचाच वावर. शिवाय भीमराजशी त्याचं भांडण झालेलं; गाडीला हात कुणी लावायचा यावरून महिनाभर दोघे बोलत नव्हते. मी विचारायच्या आत तो म्हणाला, “आपलं काय घेणं नाही. आपण स्टेअरिंगच्या मागं.”

“आपल्या मागं बसलेला मालक मरता मरता वाचला,” मी म्हणालो. “रॉड चार बोटं अलीकडे फुटला असता तर? ज्यानं तो बोल्ट लावला तो अजून आतच आहे, आणि ज्यानं नाही लावला तो काळेवाडीत तोंड लपवून बसलाय. तुझं भांडण भीमराजशी आहे ना? मग त्याच्याशीच भांड. पण त्याला भांडायला आत तर येऊ दे.”

जयसिंगनं इकडंतिकडं बघितलं. मग गाडीच्या कप्प्यात हात घालून काडेपेटी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

“शुक्रवारी सकाळी गाडीखाली झाडताना घावलं. मला वाटलं भीमराजची चूक हाय, भांडणात कामाला यील, म्हणून ठेवलं. नंतर भ्या वाटलं.”

आत एका बोल्टचं तुटकं डोकं होतं. तुटलेला भाग पिळून तुटला होता, ओला कपडा पिळल्यासारखा. आणि डोक्यावर डाळिंबी ठिपका होता.

४

आता घटना उघड होती. भीमराजनं बोल्ट लावला, ठिपका दिला, झाकण लावलं. त्यानंतर कुणीतरी झाकण काढून तोच बोल्ट आणखी आवळला, इतका की पिळून तुटला. मग मेट्रिक बोल्ट ठोकून झाकण बंद केलं. कोण, एवढंच राहिलं होतं.

मी मोहोळकर साहेबांकडे गेलो. अर्जुनराव मोहोळकर, मेन्टेनन्सचे प्रमुख, जर्मनीत दीड वर्ष राहून आलेले. त्यांच्या टेबलामागच्या काचेच्या कपाटात एक लांब दांड्याचा पाना होता. किती जोर लागला ते सांगणारा काटा त्यावर होता.

“सुंदर आहे,” मी म्हणालो.

“कुणाला हात लावू देत नाही,” ते म्हणाले. “हे लोक अंदाजानं आवळतात, ज्योतीराम. मनगटानं. ही काय इंजिनिअरिंगची पद्धत आहे? भीमराजबद्दल मला वाईट वाटतं, खरंच. मी या लोकांत मिसळतो, यांच्या भाषेत बोलतो. पाना म्हणतो, सूत म्हणतो, मिस्त्री म्हणतो. तरी शेवटी माणूस आपल्या जातीवर जातो.”

हे वाक्य ते हसत बोलले. मी मुठी खिशात घातल्या, नाहीतर चौकशी माझीच झाली असती.

“गुरुवारी आपण आला होता?”

“सुट्टीच्या दिवशी? मी घरी होतो. आणि पुरावा काय हवाय तुम्हाला? त्याच्या सहीची चिठ्ठी आहे.”

तीच तर अडचण होती. जोरानं पिळणारा पाना साहेबांचा, किल्ली साहेबांच्या खोलीत. पण हे तर सुतावरून स्वर्ग गाठणं झालं. किल्ली तिथून कुणीही उचलली असती, आणि लांब पाइप अडकवला की साध्या पान्यानंही बोल्ट पिळतो. वर भीमराजची सही.

मंगळवारी संध्याकाळी चिठ्ठीची नक्कल घेऊन काळेवाडीला गेलो आणि हात टेकल्यासारखा बसलो. सोजरबाई प्रौढ वर्गात वाचायला शिकली होती. ती वाचायची बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून. तिनं नक्कल घेतली.

“आ... ठ. आठ. सू... त. सूत.”

ती थांबली. पुन्हा बोट मागं नेलं, पुन्हा वाचलं. मग पदराला तोंड लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे रागानं लाल झाले.

“ज्योतीरामभाऊ, ही चिठ्ठी किती जणांनी वाचली?”

“दहा-बारा जणांनी. मीही वाचली.”

“सगळे शिकलेले?”

“सगळे.”

“तरीच,” ती म्हणाली. “उद्या मला आत घ्या. आन् चार कोरे कागद आणा.”

५

चौकशी शेटजींच्या खोलीत होती. टेबलावर बोल्ट, चिठ्ठी, फुटलेल्या इंजिनाचा तुकडा. सोजरबाईला बघून मोहोळकर साहेबांनी भुवया चढवल्या. “ही कोण?”

“बोल्टांची जाणकार,” मी म्हणालो. “नऊ वर्षांचा अनुभव. आपल्याकडे बोल्टचा एवढा अनुभव असलेला दुसरा कुणी असेल तर त्याला बोलवा.”

शेटजींनी हातानंच बसा म्हटलं. ती बसली नाही.

“मालक, बोलण्याआधी एक काम हाय. चौघांना एकेक कागद द्या. ह्यो तुटका नवा बोल्ट. ह्याची जाडी सुतात किती, ते ज्यानं त्यानं लिहायचं. एकमेकाचं बघायचं न्हाई.”

“हा काय पोरखेळ आहे?” साहेब म्हणाले.

“लिहा,” शेटजी म्हणाले. “दोन मिनिटांचं काम आहे.”

बबनराव, जयसिंग, भीमराज आणि मोहोळकर साहेबांनी लिहिलं. कागद मी गोळा करून शेटजींपुढं पालथे ठेवले. तेवढ्यात सोजरबाई बबनरावांना म्हणाली, “दादा, ह्या चिठ्ठीवर जे लिवलंय तेच स्टोअरातनं घिऊन या. वाचा नीट, आन् जे लिवलंय तेच आणा.”

बबनरावांनी चिठ्ठी चष्म्याजवळ धरली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी मान वर केलेली मी बघितली. ते गेले.

मग तिनं गुरुवारची कथा सांगितली. ठिपक्यांचे सात बोल्ट दाखवले. आठवा बिनठिपक्याचा. आणि काडेपेटी उघडून डाळिंबी ठिपक्याचं पिळलेलं डोकं टेबलावर ठेवलं. जयसिंगनं ते कुठं सापडलं ते सांगितलं. शेटजींनी ते डोकं उचलून उलटसुलट करून बघितलं.

“म्हणजे भीमराजनंतर कुणीतरी हात लावला,” ते म्हणाले. “पण चिठ्ठी?”

दार उघडलं. बबनराव दोन्ही हातांनी एक बोल्ट घेऊन आले आणि टेबलावर ठेवला. धप्प आवाज झाला आणि शेटजींची पेनं उडाली. अंगठ्याहून जाडजूड, इंचभर व्यासाचा बोल्ट. प्रेसच्या पायाला लावतात तसला.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“आठ सूत,” बबनराव म्हणाले. “चिठ्ठीवर हाय ते.”

मला माझीच लाज वाटली. आम्ही दहा शहाण्यांनी चिठ्ठी वाचली होती. ‘आठ’ दिसलं, समोर आठ मिलीचा बोल्ट होता, आणि पुढचा शब्द आम्ही गिळून टाकला. जी बाई अक्षर अक्षर लावून वाचत होती, तिनंच तो वाचला.

“इंचाची आठ सुतं,” सोजरबाई म्हणाली. “ह्यो बोल्ट मोटारीच्या रॉडात बसवायचा तर रॉड बोल्टात बसवावा लागंल. जावईबापू पंधरा वर्षं पाना धरत्यात. झोपेत बी आठ मिलीला आठ सूत म्हणायचे न्हाईत. ज्यानं ही चिठ्ठी लिवली त्याला मिस्त्रीची भाषा बोलायची व्हती. मिस्त्रीनं लिवल्यावानी वाटाया पायजे म्हणून ‘सूत’ लिवलं. पर सूत म्हंजी मिली, आसं त्याला वाटतं. आता कागद सुलटे करा, मालक.”

शेटजींनी एकेक कागद उलटला. बबनराव: अडीच. जयसिंग: अडीचला वरचढ. भीमराज: अडीच सूत, जरा जास्त.

चौथ्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: आठ सूत. शेटजींनी तो चिठ्ठीशेजारी ठेवला. ‘आठ’मधला ठ दोन्हीकडे सारखाच, वर गाठ मारलेला.

मोहोळकर साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. “मी फक्त तपासत होतो,” ते म्हणाले. “पुस्तकात आठ मिलीच्या बोल्टला जेवढा जोर दिलाय तेवढाच लावला. अहवालात आकडा लिहिता आला असता...”

“नव्या पोलादाचा आकडा चाळीस वर्षांच्या बोल्टला लावला,” शेटजी हळू म्हणाले. “आणि तुटल्यावर?”

“तसला बोल्ट कुठंच नव्हता.”

भीमराज उठला. “साहेब, माझ्या कपाटात दोन होते. जुन्या बाजारात चार रविवार हुडकून आणलेले, तेलाच्या कागदात गुंडाळलेले. तुमी शुक्रवारी सकाळी नुसतं म्हणाला असता, भीमराज, बोल्ट तुटला. मी अर्ध्या तासात बदलला असता. कुणाला सांगितलं बी नसतं.”

त्याचा आवाज एकदाही चढला नाही. माझा चढला असता, आणि चढायलाच हवा होता असं मला अजून वाटतं.

६

शेटजींनी निकाल दिला. भीमराज उद्यापासून नव्हे, आत्तापासून कामावर. मोहोळकर साहेबांची बदली मुंबई ऑफिसात.

ऐका. मिस्त्रीनं केलं तर चोरी, पोलीस, फाटक बंद. साहेबानं केलं, वर दुसऱ्याच्या सहीवर खोटं लिहिलं, आणि मालकाचा जीव जाता जाता राहिला, तर बदली. मी तोंड उघडणार तोच सोजरबाईनं माझी बाही ओढली.

“मालक, एक राहिलं. फळा.”

“पुसायला सांगतो,” शेटजी म्हणाले.

“पुसून कसं भागंल? पाच दिवस तीन शिफ्टच्या माणसांनी वाचलंय. माझ्या लेकीला नळावर बायकांनी विचारलंय. ज्या फळ्यावर चोर लिवलं त्याच फळ्यावर माफी लिवा. पाच दिवस ठेवा. आन् ज्यानं केलं त्यानं सोताच्या हातानं लिवायची.”

शेटजींनी मोहोळकरांकडे बघितलं, मग त्या इंचभर जाडीच्या बोल्टकडे बघितलं. “लिहा,” ते म्हणाले.

तीनची शिफ्ट सुटत होती. फाटकाशी पाचशे माणसं थांबली. साहेबांनी आपल्या हातानं जुनी अक्षरं पुसली आणि खडू घेतला. कोपऱ्यात, खाली, मुंग्यांसारख्या अक्षरांत त्यांनी लिहायला सुरुवात केली: ‘भीमराज सोनकांबळे, मिस्त्री, यांची...’

सोजरबाई पुढं झाली. येताना तिनं टेबलावरचा बोल्ट पदराखाली घेतला होता. तो तिनं साहेबांच्या हातात दिला.

“चोर लिवलं तवा अक्षरं आठ सुताची व्हती,” ती म्हणाली. “माफीची बी आठ सुताची पायजेत. आता आठ सूत म्हंजी किती, ते तुमच्या हातात हाय. पुसा.”

साहेबांनी भीमराजकडे पाहिलं. भीमराज फळ्याकडे पाहत होता. मग साहेबांनी ते पुसलं, बोल्ट फळ्याला लावला, आणि त्याच्या जाडीएवढा ‘भी’ काढला.